हरणाबाईची खोली

हरणाबाईला शाळेत सगळे मावशी म्हणत, पण मावशीपण तिच्यात औषधालाही नव्हतं. तोंड फाटकं, नजर तिखट, आणि हातात कायम केरसुणी नाहीतर टोल मारायचा गज. पोरं तिला भ्यायची. मास्तरलोकही तिच्याशी बेतानं बोलत. नव्यानं आलेल्या एका सरांनी चहा गार आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा तिनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यांच्या देखत मोरीत ओतला. "ऊन पायजे तर घरनं पिऊन येत जावा."

शाळा तासगावच्या बाजूला, एका गावाबाहेर डांबरी रस्त्याला लागून होती. समोर द्राक्षबागा, मागं ऊस. त्या उसातलं एक रान हरणाबाईच्या सासरचं. सासर पाटलाचं. माहेर साताऱ्याकडं, कोरेगावच्या पलीकडं. दोन्ही भाऊ पलटणीत. अशा घरची बाई शाळेत केर काढायला लागली ती नवरा गेल्यावर. कोंडीबा याच शाळेत शिपाई होता. एका पावसाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. संस्थेनं त्याची जागा बायकोला दिली. दीर नाथाजीला ते लय लागलं.

"वयनी, पाटलाच्या सुनंनं लोकाच्या पोरांची घाण काढायची? आमी मेलो काय?"

"मेला न्हाईसा, म्हणूनच चाललीया," हरणाबाई म्हणाली. दिराच्या चुलीवर जगायचं तिच्या मनात नव्हतं.

घर एकत्रच होतं. जावा, पुतणे, म्हातारी सासू, सतरा माणसांची ये-जा. तिला तिथं एक कोपरा होता, दार नव्हतं. दार होतं ते शाळेत. व्हरांड्याच्या टोकाला, पाचवीच्या वर्गाला लागून एक चिंचोळी खोली होती. एका कोपऱ्यात मोरी, बाहेर पाण्याची टाकी. कोंडीबा तिथं खडूचे खोके आणि मोडके बाक ठेवायचा. हरणाबाईनं ते एका भिंतीला लावले, चटई टाकली, खिळ्याला आरसा अडकवला. मधल्या सुट्टीनंतर ती आतून कडी लावायची, भाकरी खायची आणि घटकाभर पाय पसरून पडायची. तेवढ्या वेळात हेडमास्तरांनी हाक मारली तरी ती ओ देत नसे. त्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असायची आणि ती तिनं कुणालाच दिली नव्हती.

सत्त्याण्णव सालच्या जूनमध्ये माया शाळेत आली.

माया बौद्ध वस्तीतली. दोन वर्षांची असताना पोलिओनं पाय गेले होते. हातात रबरी चपला घालून ती हातांवर रेटा देत सरकायची. बाप राजरत्न कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, रविवारचा घरी यायचा. आई जाईबाई द्राक्षबागेत कामाला. गावातली चौथीपर्यंतची शाळा घराला लागून होती, त्यामुळं पोरीची अडचण कधी झाली नाही. मुतायला आली की ती सरकत घरी जायची. हायस्कूल मात्र गावाबाहेर; बागेत जाता-येता जाईबाईच तिला पाठुंगळी ने-आण करणार होती. सरकारचा नवा कायदा आला होता, अपंग मुलांना साध्या शाळेत, इतर मुलांच्या बरोबर बसवायचं. हेडमास्तर जगदाळे सरांनी मोठ्या थाटात मायाला दाखल करून घेतलं. हार घातला, भाषण केलं, तासगावचा वार्ताहर बोलावून फोटो काढला. फोटो निघाला, वार्ताहर गेला, आणि सरांनी हरणाबाईला ऑफिसात बोलावलं.

"मावशी, या मुलीची जबाबदारी आजपासून तुमच्याकडे."

"कसली जबाबदारी?"

"म्हणजे... इकडं तिकडं न्यायचं. लघवीला वगैरे."

"उचलून?"

"दुसरं कसं नेणार?"

हरणाबाई पदर खोचत म्हणाली, "माझ्या कामात बसत न्हाई ते."

"शाळेत पडेल ते काम शिपायाचंच असतं," सर म्हणाले आणि त्यांनी पुढ्यातला कागद वाचायला घेतला.

मुलींची मुतारी मैदानाच्या पलीकडं, उंच चौथऱ्यावर होती. चढायला चांगल्या उंच पायऱ्या. पहिल्या दिवशी हरणाबाईनं मायाला काखेत धरून उचललं, पण अंगाशी घेतलं नाही. सांडतं भांडं न्यावं तसं लांब धरून नेलं. पोरीचे पाय लोंबकळत होते. परत आणून व्हरांड्यात टेकवली आणि ती सरळ नळावर गेली. कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून परत धुतले. अंगणात पोरं होती, सर होते. ती काही लपवत नव्हती. कुणाला शिवायचं आणि कुणाला नाही हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं, आणि ते तपासून बघावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

माया व्हरांड्यातून बघत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी हरणाबाई दारात येऊन म्हणाली, "चल गं, आलीया का?"

"न्हाई आली," माया म्हणाली.

त्यानंतर पोरगी रोज तेच सांगायला लागली. हरणाबाईला बरंच वाटलं. एक काम कमी झालं.

माया काही गोड पोर नव्हती. शाळेत आणून सोडलेल्या पांगळ्या मुलीनं मान खाली घालून बसावं, कुणी बोललं तर हसावं, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ही तसली नव्हती. वर्गशिक्षकांनी तिला दाराजवळ मागं बसवलं, "येता-जाता पोरांच्या पायात येतेस" म्हणाले, तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "मग पोरांना बघून चालाया सांगा." कुणी तिच्या चपला लपवल्या तर ती चावायची. गणितात पुढच्या बाकावरचा चुकला की मागून ओरडून त्याची चूक सांगायची. वर्गात तिला एकही मैत्रीण नव्हती. सगळे तिला हेडमास्तरांची लाडकी म्हणत. हेडमास्तर मात्र हार घातल्या दिवसापासून त्या वर्गात फिरकले नव्हते.

प्रार्थनेला सगळी शाळा मैदानात जमायची. मागं कुणी लपून राहू नये म्हणून हरणाबाई वर्गांना बाहेरून कड्या घालायची. पाचवीला घालताना माया आत आहे हे तिला दिसायचं. ती घालायचीच. पोरगी खिडकीच्या गजाला धरून अंग वर ओढायची आणि प्रार्थना संपेपर्यंत तिच्याकडं बघत राहायची. कधी रडली नाही, कधी काही म्हणाली नाही. सगळी पोरं हरणाबाईला मावशी म्हणायची. ही कधीच नाही.

श्रावणात माया आजारी पडली. ताप उतरेना, लघवीतून रक्त जायला लागलं. राजरत्ननं सांगलीच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीला विश्वासात घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की ती सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हती. पाणी प्यायलं की मुतायला येतं, आणि मुतायला आलं की त्या बाईचा हात लागतो.

पोर दवाखान्यातून घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाईबाई शाळेत आली. बागेतून तशीच आली होती, डोक्याला फडकं, हातापायाला फवारणीच्या औषधाचे निळे डाग. हरणाबाई मैदानाच्या कडेला टोल मारत होती.

"आवं पाटलीणबाई, थांबवा ती घंटा. माझ्याशी बोला."

"काय झालं वरडाया?"

"माझी पोर मरत हुती. तुमच्यापायी."

"मी काय केलं तिला?"

"काय केलं? तिला शिवून नळावर हात घासतासा. पोर बघती न्हवं! पाणी सोडलंय तिनं. शाळा सुटस्तवर घसा कोरडा ठेवून बसती, का तर तुमास्नी इटाळ व्हायला नको!"

सगळे वर्ग दारांत आले होते. हरणाबाईचं तोंड लाल झालं.

"मी दाई न्हाई तुझ्या पोरीची. एवढी काळजी हाय तर घरात ठेवायची. न्हाई चालता येत तर कशाला धाडायची हितं?"

"शिकाया धाडलीया! तुमच्या अंगाखांद्यावर खेळाया न्हाई!"

"मग शिकव की. मुतायला न्यायला सरकारनं मला न्हाई ठेवलेलं."

जाईबाई पुढं झाली, हरणाबाईनं हातातला गज उचलला, आणि दोघींच्या मध्ये जगदाळे सर आले. त्यांनी एक नजर दारांतल्या पोरांवर टाकली, एक रस्त्यावर थांबलेल्या माणसांवर.

"जाईबाई, शांत व्हा. मुलीला दाखल करून घेताना मी यांना स्पष्ट सूचना दिल्या होत्या. यांच्याकडून हयगय झालीय. मी यांना सक्त समज देतो."

"मला समज?" हरणाबाई गरकन वळली. "हार तुमी घातला, फोटो तुमी काढला, आन् पोरगी आजारी पडली की समज मला? उचला की तुमी. तुमच्या दंडात बळ न्हाई व्हय?"

पोरं हसली. सर ऑफिसात गेले.

त्या दुपारी खोलीत कडी लावून बसल्यावर हरणाबाईला भाकरी गेली नाही. जाईबाईच्या शिव्यांचं तिला काही नव्हतं. शिव्यांना ती पुरून उरायची. पण घसा कोरडा ठेवून बसती, हे शब्द कानातून जाईनात. ती स्वतः नोकरीला लागली तेव्हा शाळेत मुतारी एकच होती, मास्तरांची. मुलींची नंतर बांधली. त्या सुरुवातीच्या काळात ती पहिल्या टोलापासून शेवटच्या टोलापर्यंत पाणी प्यायची नाही. उन्हाळ्यात जीभ टाळ्याला चिकटायची आणि तीच सगळ्या शाळेला माठ भरून द्यायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला?

म्हणून तिला मायाची कणव आली असं मात्र नाही. उलट राग वाढला. आपण सोसलं ते मुकाट्यानं सोसलं. ह्या पोरीनं दवाखाना करून गावभर केलं, असं तिला वाटलं.

नाथाजीला हे सगळं कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी तो सोप्यात बसून म्हणाला, "वयनी, चांगलं केलंसा. घाबरू नका. मी शाळेच्या कमिटीतल्या माणसांस्नी भेटलोय. त्या पोरीला हितनं काढतो. मिरजंकडं असल्या पोरांचं हॉस्टेल असतंय म्हणं. तिकडं धाडू."

नोकरी धरल्यापासून दीर पहिल्यांदाच तिच्या बाजूनं बोलत होता. हरणाबाईला ते गोड लागलं. तिनं त्याला चहा करून दिला.

मग एक दिवस जगदाळे सरांनी राजरत्न आणि जाईबाईला बोलावलं. राजरत्ननं मायाला खांद्यावरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. कमिटीनं आपल्या वतीनं नाथाजीलाच धाडलं होतं. हरणाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली तेव्हा सर बोलत होते.

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. तिथं सगळ्या सोयी आहेत. तिच्यासारखीच मुलं आहेत. इथं साध्या शाळेत तिचे हालच होणार."

"तिच्यासारखी म्हंजे कशी?" जाईबाईनं विचारलं. "ह्या वर्गातल्या पोरांपेक्षा गणित तिला जास्त येतंय. त्यातली कोण तिच्यासारखी हायती ते सांगा, तिथं बशीवते."

नाथाजी म्हणाला, "मुद्दा गणिताचा न्हाई. उचलायचं कुणी, हा मुद्दा हाय. आमची बाई उचलणार न्हाई."

सरांनी मायाकडं बघून आवाज मऊ केला. "बाळ, तूच सांग. जाशील ना हॉस्टेलला?"

"न्हाई."

"अगं, पण मग तुला—"

"मला ह्यांचा हात नको," माया म्हणाली. दारातल्या हरणाबाईकडं तिनं बोट केलं नाही, नुसती मान वळवली. "कुणाचाच नको. मला सरकत जाता येतंय. पायरी नसली की झालं. आन् धराया एक दांडी."

हरणाबाईच्या कानशिलात आग उठली. पाटलाच्या घरच्या बाईचा हात ही एवढीशी पोर नको म्हणते! जन्मात तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनं ट्रे टेबलावर असा आदळला की चहा बशांत सांडला.

"मग द्या की तिला दांडी! मला तरी कुठं हौस आलीया तिचं वजन उचलायची?"

राजरत्न उठला आणि म्हणाला, "सर, जागा दावा. दांडी मी बसवतो."

जागा एकच होती. व्हरांड्याला सपाट लागून, पाचवीच्या शेजारी, मोरी असलेली, टाकीजवळची. सरांनी हरणाबाईकडं बघितलं. तिला कळलं.

"ती खोली मिळायची न्हाई," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या टायमापास्नं हाय ती."

"मावशी, खोली शाळेची आहे."

"किल्ली माझी हाय."

नाथाजी हसला. विषय तिथंच बारगळला. कुलूप फोडायचं सरांच्या अंगात नव्हतं आणि कमिटीला त्यातच समाधान होतं.

मग जाईबाईच रोज मधल्या सुट्टीत यायला लागली. बागेत छाटणीचे दिवस होते; मुकादम बोलायचा, तरी ती धापा टाकत यायची, पोरीला पाठुंगळी मारायची, मैदान ओलांडायची, परत आणायची आणि पळत जायची. हरणाबाई खोलीच्या उंबऱ्यात बसून बघायची. दोघी एकमेकींकडं बघून थुंकायच्या तेवढ्या बाकी होत्या.

एक दिवस बागमालकाचा ट्रॅक्टर बायकांना घेऊन लांबच्या रानात गेला आणि जाईबाईला यायला जमलं नाही. सुट्टी संपत आली. माया दाराशी बसून रस्त्याकडं बघत होती. मग तिनं चपला हातात चढवल्या आणि ती व्हरांड्यातून खाली उतरली. मैदानात खडी पसरलेली. पोरं कबड्डी खेळत होती. त्यांचा खेळ थांबला. माया खडीवरून सरकत निघाली, मांड्या घासत, न थांबता. पोरं दोन्ही बाजूंनी चालायला लागली. कुणीतरी ट्रकसारखा आवाज काढला. बाकीच्यांनी तो उचलला.

टोल मारायला आलेली हरणाबाई गज हातात घेऊन उभी राहिली.

माया चौथऱ्यापाशी पोचली. पहिल्या पायरीला तिनं हात घातले, अंग वर ओढलं, निसटली. परत ओढलं. हरणाबाई तिच्याकडं चालत गेली. का गेली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती वाकली.

"शिवू नका मला!" माया किंचाळली.

आणि तिथंच, पायरीला धरलेलं असताना, सगळ्या पोरांच्या देखत तिचा स्कर्ट भिजला. पाणी खडीत उतरलं. पोरीनं डोळे मिटले नाहीत, तोंड झाकलं नाही. ती हरणाबाईकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात एवढा द्वेष होता की हरणाबाईचे वाकलेले हात तसेच हवेत राहिले.

मागं हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसत होता तो साईराज, नाथाजीचा थोरला. हरणाबाई वळली. गज तिनं खाली टाकला, साईराजची मान धरली आणि एक अशी ठेवून दिली की तो खडीवर बसला.

"हसतोस? तुझ्या आईला इचार जा, पहाटं अंधारात कुठं जाती आन् दीसभर कशी दाबून ऱ्हाती ते! हसतोस?"

हरणाबाई तशीच तरातरा व्हरांडा चढली. खोली उघडून तिनं चटई बाहेर फेकली, आरसा काढला, डबा, खडूचे खोके, सगळं बाहेर. मोडके बाक ओढताना तिच्या हाताची सालटी निघाली. मग ती ऑफिसात गेली आणि किल्ली सरांच्या टेबलावर टाकली.

"घ्या. आन् त्या पोरीच्या बापाला बलवा. मला असलं परत बघायचं न्हाई."

"मावशी, तुम्ही फार मोठं मन—"

"मन बिन न्हाई," ती म्हणाली. "लवकर करा."

पुढच्या रविवारी राजरत्न कुपवाडहून लोखंडी नळ्या वेल्डिंग करून घेऊन आला. उंबरा फोडला, बुटका संडास बसवला, दोन्ही भिंतींना मायाच्या खांद्याइतक्या उंचीवर दांड्या लावल्या आणि दाराला खाली, बसून लागेल अशी कडी. फाटक उघडायला हरणाबाई आली होती. ती दिवसभर लांब चिंचेखाली बसून राहिली. राजरत्ननं एकदा पाणी मागितलं. तिनं टाकीकडं बोट दाखवलं.

घरी तिला त्याची किंमत मोजावी लागली. साईराजच्या गालावर वळ उमटले होते. नाथाजीनं आरडाओरडा केला. "त्यांच्या पोरीसाठी आपल्या रक्तावर हात टाकलासा?" जावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी भावकीतलं एक लग्न तिला वगळून झालं. मुतारीत जाताना पोरं 'मावशीच्या खोलीत चाललो' म्हणायला लागली, ते वेगळंच. ती आता भाकरी व्हरांड्याच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या देखत खायची. घटकाभर पाय पसरणं संपलं ते संपलंच. त्या खोलीसाठी ती मनातून कितीदा तरी हळहळली. आपण भलं काम केलं असं तिला एकदाही वाटलं नाही. पोरीचा राग तर तिला तेवढाच यायचा.

माया बाटली भरून आणायला लागली आणि वर्गात सर्वांसमोर गटागटा पाणी प्यायची. हवं तेव्हा सरकत बाहेर जायची, सरकत आत यायची. वर्गशिक्षकांनी एकदा हटकलं, "सारखी काय उठतेस?" तेव्हा "उठत न्हाई, सरकती," एवढं उत्तर आलं. प्रार्थनेच्या वेळी ती आधीच व्हरांड्यात येऊन बसायची, म्हणजे तिच्यावर कडी घालायचा प्रश्नच राहिला नाही. सहावीत तिच्या शेजारी वाण्याची एक पोरगी बसायला लागली, गणितासाठी. मैत्री वगैरे नव्हती. वही बघू द्यायची आणि दप्तर उचलायचं, असा रोखठोक व्यवहार होता. पण बाकावर दोघी होत्या.

सातवीत असताना, नव्व्याण्णव सालच्या थंडीत, एका दुपारी माया व्हरांड्यातून सरकत आली. हरणाबाई पायरीवर जेवत होती.

"आवं, कडी तुटलीया."

"मग मी काय करू?"

"सरांस्नी सांगा."

"तूच सांग. तोंड हाय की तुला, गावाला पुरून उरंल एवढं."

माया वळली आणि चपला फटफट वाजवत ऑफिसाकडं निघाली. वाटेत आठवीची दोन पोरं उभी होती. "सरका," ती म्हणाली. पोरं सरकली.

थोड्या वेळानं ऑफिसातून हरणाबाईला हाक आली. तिनं भाकरीचा घास संपवला, हात धुतला, शिव्या पुटपुटत उठली आणि हातोडी शोधायला गेली.